बासरीला करंट लागतो किती

माझ्या दादाला नावानं हाक मारली, तर तो वळूनही बघणार नाही. त्याला सगळे डायनॅमो म्हणतात. गाडी चालू असताना वीज तयार करणारा जो भाग असतो, त्याला हल्लीची मुलं अल्टरनेटर म्हणतात, जुने ड्रायव्हर डायनॅमो म्हणतात, आणि दादाचं सगळं आयुष्य त्याच्याच पोटात हात घालण्यात गेलं. स्वभावही तसाच. फिरता असला की ठीक, घरात बसवला की सगळ्यांच्या डोक्याला ताप.

त्याचं गॅरेज म्हणजे घराला लागून एक पत्र्याची शेड. आत लाकडी टेबल, टेबलावर पक्कड, सोल्डरिंग आयर्न, वायरींची भेंडोळी आणि कुणीतरी कधीतरी न्यायला येणार म्हणून ठेवलेल्या मेलेल्या बॅटऱ्या. तांब्याच्या बारीक तारा त्याच्या केसांतून, बाह्यांतून घरात येतात. वहिनी केर काढताना म्हणते, लोकांच्या घरात सोनं निघतं, आमच्याकडे तांबं निघतं, नशीब ज्याचं त्याचं.

आधी तो दिवे, स्टार्टर, हॉर्न असली कामं करायचा. मग तरुण मंडळींना गाडीत दणदणीत आवाज हवासा वाटू लागला. डिकी भरून स्पीकर लावून यायची, आणि गाण्यात ठेका पडला की समोरचे हेडलाइट डोळे मिचकावायचे. दादा त्यांना समोर उभं करून शिकवणी घ्यायचा. कंपनीनं ही बॅटरी आणि या वायरी दिव्यांपुरत्या, हॉर्नपुरत्या दिल्यात, त्यांच्या जिवावर तुम्ही वरात काढायला निघालात. मग तो बॅटरीपासून डिकीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल टाकायचा, बॅटरीजवळ फ्यूज बसवायचा, अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून तो आरशासारखा लखलखीत करायचा. लागलाच तर मोठा अल्टरनेटर. आवाज स्पीकरमधून येत नाही, बॅटरीतून येतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेवटी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून मागच्या सीटवर मीटर घेऊन बसायचा आणि आवाज चढवायला सांगायचा. काटा खाली पडला नाही, की काम झालं. गाणं कुठलं होतं हे त्याला कधीच ठाऊक नसे.

बाबांचं नेमकं उलटं. बाबा जन्मभर एका कारखान्याच्या साहेबांची गाडी चालवत होते, आणि साहेबांना गाडीत आवाज खपत नसे. रेडिओ होता, पण तो झाकलेल्या ताटासारखा समोर नुसता असायचा. निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी गाडी घेतली ती कुठं जाण्यासाठी नव्हेच. दुपारी अंगणात ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, काचा वर करायच्या आणि आपल्या पसंतीची जुनी गाणी लावायची. आई गेल्यावर तर ते सगळी दुपार तिथंच असायचे.

दादा आणि बाबा यांच्यात बोलणं म्हणाल तर टायरमधली हवा आणि इंजिनमधलं ऑइल, एवढंच. दादानं शाळा अर्धवट सोडून गॅरेज धरलं, तेव्हा बाबांना फार लागलं होतं. मुलानं स्टिअरिंगच्या मागे नव्हे, मागच्या सीटवर बसावं, अशी त्यांची इच्छा. दादा मागच्या सीटवर बसला खरा, पण हातात मीटर घेऊन. बाबांनी नंतर राग सोडला, पण कौतुकाचा शब्द काही तोंडातून काढला नाही. दादा पन्नाशीला आला तरी त्या एका शब्दासाठी जीव टाकायचा, हे मला दिसत होतं, वहिनीला दिसत होतं, फक्त बाबांना दिसत नव्हतं.

म्हणून बाबा एकदा आपणहून शेडच्या दारात येऊन म्हणाले, "गाणं दबल्यासारखं वाटतंय रे. मागची बासरी येत नाही," तेव्हा दादाला आभाळ ठेंगणं झालं. बाबांनी त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं. हातातली गिऱ्हाइकाची गाडी तशीच उघडी टाकून तो मीटर घेऊन धावला. जुन्या गाडीत दोष शोधायला गेलं की सापडतोच. बॅटरीजवळ होता तेवढा विजेचा दाब गाण्यांच्या सेटपर्यंत पोचत नव्हता. दादानं जाड केबल टाकली, अर्थिंग नवं केलं, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. बाबांना आत बसवून आवाज चढवला आणि खिडकीतून विचारलं, आता? बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."

तीन शब्द. दादा त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त जेवला आणि वहिनीला ते तीन शब्द तीनदा ऐकवले.

पण काही महिन्यांनी बासरी पुन्हा गेली. तोवर मला वेगळाच संशय यायला लागला होता. मी औषधांच्या दुकानात काम करते, दुपारच्या सुट्टीत बाबांच्या आवडीचं काहीतरी डब्यात घालून दादाकडे घेऊन जाते. एकदा वहिनी बाहेर होती, बाबा स्वयंपाकघरात कुकरशेजारी बसले होते. मी दारातून येईपर्यंत शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, आणि बाबा मला शांतपणे विचारतात, अजून शिट्टी कशी होत नाही गं? दारावरची घंटाही त्यांना कळेनाशी झाली होती. मी दादाला सांगितलं, बाबांना कानांच्या डॉक्टरकडे ने. तो हसला. म्हणाला, कान? अगं, इंजिनात कुठं खडखडतंय ते बाबा घरात बसून सांगतात. आणि ते खोटं नव्हतं. जाड, घोगरे आवाज बाबांना येत होते. म्हणूनच आम्ही सगळे फसलो, पण बाकीचे फसून थांबले, दादा फसून कामाला लागला.

त्यानं डिकीत दुसरी बॅटरी बसवली. अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, कशाला घसा कोरडा करता? जे ऐकायचं नसतं ते यांनाही ऐकू येत नाही. घराण्याचाच गुण आहे." मी हसले.

बाबा दरवेळी म्हणायचे, आता बरोबर आहे. आणि दरवेळी आवाजाचं बटण थोडं पुढे गेलेलं असायचं. काचा वर असायच्या, पण अंगणातल्या बादलीतलं पाणी थरथरायचं. शेजारच्या आजी दुपारची झोप सोडून गच्चीत जाऊन बसायच्या. दादाला त्याचं काही नाही. बाबा त्याची वाट बघतात, त्याला बोलावतात, त्याच्या कामाला बरोबर म्हणतात, यातच तो मश्गूल होता. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला वाढलेलं ताट दिसलं की तो अन्न तपासत बसत नाही. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

मग तो अल्टरनेटरवर आला. कुठून तरी दणकट, दुप्पट ताकदीचा अल्टरनेटर मिळवला, तो बसेना म्हणून ब्रॅकेट कानशीनं घासून जागा केली, पट्टा चढवला. मी डबा घेऊन आले तेव्हा बाबा आत बसले होते, दादा मागच्या सीटवर मीटर घेऊन, कानांत बोळे. बाबांनी इंजिन चालू केलं, सेटचा आवाज चढवला, आणि नवा अल्टरनेटर पेलेना म्हणून पट्टा घसरून किंचाळायला लागला. असा आवाज, की दात आंबावेत. समोरच्या घरातली बाई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. मी कानांवर हात ठेवले. आणि बाबा, जन्मभर गाडीवर काढलेले बाबा, पट्टा एकदा चुकचुकला तरी गाडी बाजूला घेणारे बाबा, डोळे मिटून निवांत मान हलवत होते.

मी जाऊन चावी फिरवली. दादा चिडून बाहेर आला आणि कानांतले बोळे काढले. मी म्हटलं, "स्वतःच्या कानांत कापूस कोंबतोस, आणि बाबांना उघड्या कानांनी आत बसवतोस?"

तो माझ्यावर बरसला. दुकानात गोळ्या मोजणारीनं मला गाड्या शिकवू नयेत, वगैरे. बोलता बोलता थांबला. त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, गाडीच्या उघड्या दारापाशी, बाबांच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि जुडगा वाजवला. बाबांनी वळून पाहिलं नाही. मग त्यानं तो त्यांच्या कानापाशी नेऊन वाजवला. बराच वेळ वाजवत राहिला. शेवटी मीच त्याचा हात धरला.

कानांच्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. त्यांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा, असं खुणेनं सांगितलं. बाबांनी ती परीक्षाच समजली. तपासणाऱ्या मुलीचा हात यंत्राकडे गेला, की ते पटकन बटण दाबायचे आणि काचेतून आमच्याकडे बघून मान हलवायचे. मुलीला शेवटी पाठ करून बसावं लागलं. त्यानंतर बाबांचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे कान वयानं नेले, बरेचसे आवाजानं. आधी आला असतात आणि मोठ्या आवाजापासून लांब ठेवलं असतंत, तर कानाला मशीन लावून माणसांचं बोलणं बरंचसं राखता आलं असतं. आता मशीन देते, पण त्यातून शब्द कळतील अशी फारशी आशा धरू नका. दादानं विचारलं, आतली जी नस गेलीय ती बदलता येत नाही का? बाईंनी नाही म्हणून सांगितलं. जळलेली वायर जन्मभर बदलत आलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागला. त्यानं तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारला.

बाहेर बाकावर बसल्यावर तो माझ्याशी बोलला, पण बघत होता जमिनीकडे. "करंट कमी पडला तर आधी गाण्यातला ठेका दबतो," तो म्हणाला. "बासरीला करंट लागतो किती? काहीच नाही. बाबा पहिल्या दिवसापासून बासरीच म्हणत होते. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकानं येऊन हे सांगितलं असतं, तर मी एका मिनिटात म्हटलं असतं, गाडी ठीक आहे तुमची, आधी कान दाखवा."

मग का नाही म्हटलंस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडी ठीक आहे म्हटलं असतं, तर बाबा शेडच्या दारात पुन्हा कशाला आले असते?

मशीन आलं. बाबांनी ते दोन दिवस लावलं, कानात कुणी खडी ओततंय म्हणाले आणि डबीत घालून ठेवलं. कान गेलेत हे त्यांनी मानलंच नाही. डॉक्टर लोकांना गाडीतलं काय कळतंय, सेटचाच आवाज बसलाय, असं ते म्हणत राहिले. दादानं एका सकाळी सेटचा फ्यूज काढून टाकला. उरलेसुरले कान तरी वाचावेत म्हणून.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाबा नेहमीप्रमाणे गाडीत बसलेले, काचा वर. सेट मुका, गाडी बंद. आणि दादा त्यांच्या शेजारच्या सीटवर. मागच्या सीटवर नव्हे. मी दार उघडून डबा आत ठेवला आणि तिथंच उभी राहिले, कारण दादाचा असा चेहरा मी फक्त आई गेली तेव्हा पाहिला होता. तो बाबांकडे वळला, त्यांचा हात धरला आणि ओरडून नाही, साध्या आवाजात म्हणाला, "बाबा, चुकलो मी. तुमच्याकडे बघायचं सोडून मी गाडीच उघडत बसलो. माझ्यामुळे गेले तुमचे कान."

बाबा त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होते. त्याचे ओठ थांबले, तसं त्यांना वाटलं, नेहमीचा प्रश्न विचारून झाला. त्यांनी समोरच्या मुक्या सेटकडे पाहिलं, डोळे मिटून क्षणभर ऐकल्यासारखं केलं आणि दादाच्या हातावर थोपटलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "बासरीसुद्धा येतेय."

दादानं माझ्याकडे पाहिलं. जन्मात मिळालेलं एवढंच काय ते कौतुक होतं त्याच्याजवळ, दरवेळचं ते ‘आता बरोबर आहे’. त्यातलं खरं किती होतं आणि त्याचं मन राखायला किती, हे बाबांना विचारायची आता सोय राहिली नव्हती.