नंदूला दूध सोसत नव्हतं

दूध तापवून ठेवलं की साय आपोआप धरते. किश्शांचंही तसंच. डहाणूच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझा दुधाचा रतीब होता, तेव्हा दारोदारी ते नुसते जमत गेले. शाळेत मी गेलो नाही, म्हणून लिहून ठेवले नाहीत. आता मी सांगतो, नात लिहिते.

ऐंशीच्या सालांतली गोष्ट. स्टेशनात तिकिटं देणाऱ्या साहेबांचा मुलगा नंदू तेव्हा दात येण्याच्या वयाचा. आईचं दूध पुरेना म्हणून वरचं सुरू केलं. वाटी संपायच्या आत हनुवटीवर, गालांवर गांधी उठल्या. मग ओकारी, मग जुलाब, आणि रड रड रड.

साहेबांच्या आई, त्यांना सगळे मावशी म्हणायचे, दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"लक्ष्मण, पाणी घालतोस ते घालतोस, निदान चांगल्या विहिरीचं तरी घाल!"

सगळी लाइन हसली. मीही हसलो. पाणी मी घालत नव्हतो, पण दूधवाल्याने तसं सांगून कोणी ऐकलंय का?

*

मग कुणीतरी म्हणालं, लहान पोराला एकाच गाईचं दूध लागतं. तेव्हा सगळे हेच मानायचे, मीसुद्धा. रोज सकाळी कपिला आणि तिचं वासरू घेऊन मी क्वार्टर्सच्या दारात. मावशी गाईला हळदकुंकू लावायच्या आणि मी धार काढताना भांड्यावरून नजर हलवायच्या नाहीत. आता पाणी शिरणार कुठून?

नंदू प्यायला. गांधी उठल्याच.

मावशींनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी गाईकडे.

"काय खाल्लंय हिने?"

"गवत, मावशी."

"कुणाच्या शेतातलं?"

*

समोर राहायच्या कांताबेन, बोलायच्या अर्धं गुजराती, अर्धं मराठी. त्यांचंही पोर दूध ओकायचं. पण ते गुटगुटीत, ओकून झालं की खिदळायचं. दोघी आया आपापली पोरं घेऊन एकाच दिवशी डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरांनी बेनच्या पोराचं पोट चाचपलं. "ह्याला दूध सोसतं, बेन. तुमचं प्रेम सोसत नाही. थोडं कमी पाजा!"

नंदूच्या वेळी मात्र ते हसले नाहीत. प्याल्यावर किती वेळात उठतं? शीमध्ये रक्त दिसतं का? श्वास घरघरतो का? शोभाताई, म्हणजे नंदूची आई, एकेक सांगत गेली. मग ते म्हणाले, "ह्याला वरचं दूधच सोसत नाही. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, सगळं बंद. दहीसुद्धा. तुमचं अंगावरचं चालू ठेवा. पुढे कधी पुन्हा देऊन बघायचं ते माझ्यासमोर. घरी नाही."

शोभाताई घरी आली ती रडतच, पण ते रडणं हलकं होतं. इतके महिने तिला वाटत होतं, आपल्याच हाताला काहीतरी झालंय.

मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "ह्या डॉक्टरला आईने काय पाजलं होतं?"

*

माझी बहीण तलासरीकडे झरीला दिलेली. तिच्या पाड्यावर मी हे सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, "दूध वासराचं असतं, बाबा. आमची पोरं पेजेवर वाढली." आणि फडक्यात नाचणी बांधून दिली.

मी ती शोभाताईला दिली. तिने आधी डॉक्टरांना विचारलं, मगच शिजवली.

मावशी भडकल्या. "आज नाचणी, उद्या पोरापुढे चाराच टाका!"

नंदूने वाटी चाटून पुसली.

*

मग आला नंदूचा पहिला वाढदिवस. घरात पाहुण्यांसाठी खीर. मी बरण्या घेऊन दारात उभा, तेवढ्यात आतून शोभाताईची हाक आली, अशी की हातातलं माप पडलं.

मावशींनी पडद्यामागे पोराचं तोंड गोड केलं होतं. एकच चमचा. वर्षाच्या दिवशी नातवाला खीर नाही, हे त्यांना सोसेना.

नंदूचे ओठ सुजलेले, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. साहेब पोराला छातीशी धरून माझ्या सायकलवर मागे बसले. बरण्या मी रस्त्यावरच टाकल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत श्वास सुरळीत झाला, मग नंदू झोपला. मावशी मागून चालत आल्या होत्या. दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. चमचा अजून मुठीतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मावशीच दारात. पातेलं पुढे केलं नाही.

"लक्ष्मण, आजपासून ह्या घरात दूध नको. चहासुद्धा कोराच पिऊ."

"बरं, मावशी." मी वळलो.

"थांब." त्यांनी आवाज खाली आणला. "समोरची बेन कान लावून असते. तुझी बरणी वाजली नाही तर गावभर सांगेल, म्हातारीने नातवाचं दूध तोडलं. तू येत जा. रोजच्यासारखं मापून ओतत जा."

"ओतू काय, मावशी?"

आता त्यांनी पातेलं पुढे केलं.

"पाणी," त्या म्हणाल्या. "आणि चांगल्या विहिरीचं आण!"