दाजींची आगाऊ गोळी

आमच्या दाजींचं डोकं दुखतं, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की न विचारताच खोक्यात हात घालतो. शेजारची मुलं त्यांच्या दारासमोर खेळताना एकमेकांना दटावतात, "हळू रे, काका आत आहेत." आणि माझ्या बहिणीने, म्हणजे ताईने, आवाज न करता भांडी घासायची विद्या संसाराला लागल्या लागल्याच कमावली.

दाजी मोटार चालवायला शिकवतात. त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर मी बसतो. आलेल्यांना वेळा देतो आणि आज कोणाला दाजींच्या गाडीत बसवायचं ते दाजींचा चेहरा बघून ठरवतो. त्यामुळे मेहुणा म्हणून आणि सहकारी म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी त्यांचं डोकं माझ्या वाट्याला आलं आहे.

खरं सांगायचं तर आमच्या स्कूलमध्ये डोकं न दुखणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. मालकांचं फोनने दुखतं, हिशेबनीस बाईंचं कॉम्प्युटरने, मेकॅनिकचं धुराने, आणि माझं या तिघांमुळे. ज्याची त्याची गोळी ठरलेली, आणि तिचा अभिमान तर असा, की जणू ती यांनीच शोधून काढली आहे. बाईंची पाण्यात फसफसणारी. मालकांची मोठी पांढरी, कारण "घशाला कळलं पाहिजे, औषध चाललंय म्हणून." मेकॅनिक अर्धीच घेतो आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी धुतलेल्या शर्टाच्या खिशात शोधत बसतो. चहाच्या वेळी कोणाची गोळी लवकर चढते यावरून वाद पेटला, की त्या वादानेच दोघांची तरी डोकी धरतात.

दाजी या सगळ्यांचे गुरू. त्यांच्याकडे डोकेदुखीच्या जाती आहेत. क्लच सोडताना गाडीला गचके देणारा विद्यार्थी असला की मानेतून वर चढणारी. वळणावर डोळे मिटून घेणारी कोणी असली की कपाळातली. आणि दर चुकीला "सॉरी सर" म्हणणारा असला की दोन्ही कानशिलांतली, सगळ्यांत वाईट.

पण त्यांची खरी करामत म्हणजे आगाऊ गोळी. सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आधीच ते एक गोळी घेत. दुपारची वेळ सुरू व्हायच्या आधी दुसरी, संध्याकाळच्या गर्दीत शिरण्याआधी तिसरी. मी एकदा विचारलं, "दाजी, अजून दुखायला लागलंय कुठे?"

त्यांनी माझ्याकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. "शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक कशाला दिलेला असतो? धडक बसायच्या आधी दाबायला! बसल्यावर दाबून गाडीचा पोचा निघतो का?"

ज्या माणसाचा पाय घरात सोफ्यावर बसूनही टीव्हीतली गाडी जोरात आली की जमिनीवर दाबला जातो, त्याच्याशी कोण वाद घालणार?

मग एके दिवशी त्यांचे बूट पायात शिरेनात. दाजींनी बुटांना नावं ठेवली. ताईने मात्र बोटाने घोट्यावर दाबून बघितलं, खळगा पडला तो पडलेलाच राहिला. तिने त्यांना दवाखान्यात नेलं, गाडी चालवायला मी. रक्त तपासलं, रिपोर्ट आला, आणि डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखण्याची गोळी किती घेता?"

"गरजेपुरती," दाजी म्हणाले.

"रोज तीन," ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मूत्रपिंडांवर ताण आलाय. आत्ता थांबलात तर सावरतील. नाही थांबलात तर मी कसलीच हमी देणार नाही. आणि गंमत अशी, की तुमचं डोकं आता बहुतेक या गोळ्यांमुळेच दुखतंय. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस गोळी पोटात गेली की डोक्याला तिची सवय होते. उतरली की दुखतं, दुखलं की तुम्ही परत घेता."

दाजींनी त्यांना ब्रेकचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घरून निघाल्यापासून ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवताय. मग जळका वास येणारच ना? सोडा आता. पहिले काही दिवस जास्त दुखेल, मग उतरेल. कळ काढा."

दाजी फार दुखावले. जवळच्या मित्राला कोणी चोर म्हटल्यासारखं त्यांचं तोंड झालं. ताई घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ती घाबरली होती. घाबरली की ती गप्प होते, आणि ती गप्प झाली की मलाही भीती वाटते.

घरी आल्यावर मात्र तिने पदर खोचला. दाजींच्या सगळ्या पँटचे खिसे, चष्म्याचं घर, गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा, जुन्या बुटाची टाच, सगळीकडून गोळ्या निघाल्या. मग ती स्कूलमध्ये आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना कोणी गोळी दिली, तर गाठ माझ्याशी आहे." मालकांनी सुद्धा ड्रॉवर हळूच बंद केला.

दाजींनी प्रयत्न सोडला असं नाही. बाईंच्या ग्लासाकडे ते अशा नजरेने बघायचे की बिचाऱ्या जिन्याखाली जाऊन फसफस उरकायच्या. एका निवृत्त मुख्याध्यापिकांना त्यांनी शिकवता शिकवता रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला लावली आणि हळूच विचारलं, "पर्समध्ये एखादी असेल ना, बाई?" बाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी मला आधीच बजावलंय. आरशात बघा, मागे ट्रक आहे."

आम्ही हसलो. मग हसणं थांबलं. एका दुपारी दाजी शिकवणी अर्धी टाकून गाडीतून उतरले आणि फुटपाथच्या कडेला डोकं दोन्ही हातांत धरून बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांना धरून घरी आणलं. ताई भाजी आणायला गेली होती. त्यांना पलंगावर निजवून मी पाणी आणायला गेलो, परत येतो तर हा माणूस उठून कपाट उपसतोय.

"एकच," ते म्हणाले. "शेवटची. मेहुणेबुवा, तुम्ही काही पाहिलंच नाही."

"दाजी, मूत्रपिंडं..."

"उद्यापासून त्यांचंच बघतो."

आवाज रडवेला होता, म्हणून मला त्यांना अडवणं जमेना. त्यांनी शिलाई मशीनचा खण ओढला. रिळांच्या मागे रुमालात गुंडाळलेलं पाकीट होतं, निम्म्या गोळ्या संपलेलं. दाजींचा चेहरा उजळला, आणि लगेच आक्रसला. आपलं पाकीट ते बरोबर ओळखत.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"माझी आहे ती." ताई दारात भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

"तुझी? कशाला?"

"डोकं दुखतं म्हणून."

"कोणाचं?"

"का? या घरात आणखी कोणाला डोकं नाही का?"

दाजी पलंगाच्या कडेवर बसले. "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. फारच झालं की एखादी घेते."

मी तिचा सख्खा भाऊ, पण हे मला नवीन होतं.

"मग कधी बोलली का नाहीस?" दाजींनी विचारलं.

ताई पिशवीतून टोमॅटो काढून टोपलीत ठेवत होती. ती चिडलेली नव्हती, ते जास्त लागलं. "तुमचं दुखत असताना माझंही दुखतंय म्हटलं असतं, तर दोघंही आडवी झालो असतो. चहा कोणी केला असता?"

पाकीट दाजींच्या हातात होतं, अंगठा गोळीवर. नुसता दाबायचा अवकाश. त्यांनी गोळीकडे बघितलं, मग ताईकडे.

"कुठे दुखतं?"

"इथे, डाव्या डोळ्याच्या मागे. आणि उजेड सोसत नाही."

ते भिंत धरून उठले आणि खिडकीचा पडदा ओढून आले. पाकीट पुन्हा रुमालात गुंडाळून त्यांनी ताईच्या हातात दिलं. "जपून घे हो. रोज घेतली की..."

"माहीत आहे. डॉक्टरबाईंसमोर मीही होते."

त्या दुपारी दाजींनी गोळी घेतली नाही, आणि नंतरही नाही. दुखणं एकदम गेलं नाही, पण आठवड्यांमागून आठवडे त्याचा जोर ओसरत गेला. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा रिपोर्ट सुधारला होता.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता डोकं काय म्हणतंय?"

या प्रश्नावर दाजी सहज अर्धा तास बोलू शकतात. त्यांनी तशी छाती भरून घेतलीही होती. मग ते स्टुलावरून उठले आणि ताईला दंडाला धरून तिथे बसवलं.

"माझं राहू द्या," ते म्हणाले. "हिचं विचारा."

ताई आधी "काहीच नाही" म्हणाली, मग "विशेष काही नाही" म्हणाली. मग ती सांगायला लागली, आणि बराच वेळ थांबली नाही.