अण्णांच्या चपला

त्या रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो भाग. वाचन छान झालं, लोकांनी माना डोलावल्या आणि मी मनातल्या मनात खूश झाले. पर्समध्ये मात्र एक पत्र होतं. आमची मराठी उपासना शिवाजीनगरच्या ज्या हॉलमध्ये भरते, तो सांभाळणारे कानडी डेव्हिडअण्णा उद्धट आहेत, वेळेआधी पंखे बंद करतात, त्यांना कामावरून काढा, असं मी त्यात लिहिलं होतं. उपासना संपली की ते कमिटीच्या हाती द्यायचं होतं. गरिबाच्या पोटावर पाय देतेय, हे मला तेव्हा खुपलंसुद्धा नाही.

शेवटच्या प्रार्थनेनंतर डोळे उघडले तर शेजारची खुर्ची रिकामी. अप्पा, माझे वडील, नव्हते. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नाही. मलाही कधी ओळखतात, कधी नाही. हॉलमध्ये सगळे चपला दाराबाहेर काढूनच आत जातात. अप्पांच्या चपला जागेवर होत्या, म्हणून मला वाटलं, आतच असतील. संडास, स्वयंपाकघर, मागचं अंगण, सगळं पालथं घातलं. अर्धा तास असाच गेला. मग बघते तर फाटक सताड उघडं आणि अण्णांचा पत्ता नाही. "गेला असेल चहाला!" मी सगळ्यांसमोर ओरडले. देवालाही सोडलं नाही. तुझ्याच घरातून माझा बाप नाहीसा झाला, म्हटलं.

पोलिसांना फोन करायला पर्स उघडली. उपासनेसाठी आवाज बंद केलेल्या फोनवर एकाच अनोळखी नंबरचे सात मिस्ड कॉल. लावला.

"अक्का, डेव्हिड बोलतोय. अप्पा माझ्याजवळ हायेत, बस स्टँडला. स्वल्प, जरा लवकर या."

अप्पांच्या चपला हातात घेऊन मी तशीच धावले. अप्पा सावलीत बाकावर आरामात बसले होते, पायात अण्णांच्या चपला. आणि अण्णा एप्रिलच्या त्या उन्हात अनवाणी, तळव्यांना फोड आलेले.

"माझ्या चपला घालून निघाले," अण्णा म्हणाले. "हात धरला की ओरडतात, म्हणून मागं मागं आलो. बेळगावची गाडी पायजे म्हणत होते. येईल म्हणून बसवलं. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर होता, चहावाल्याचा फोन घेतला."

"अहो, पण चपला तरी मागून घ्यायच्या!"

"काढायला लावल्या असत्या तर उठून चालू पडले असते, अक्का."

इतक्यात अप्पांचं लक्ष त्या पायांकडे गेलं. ते वाकले, चपला काढल्या आणि हाताने अण्णांपुढे सरकवल्या. "घाल बाळा. पाय भाजतील," म्हणाले.

मी खाली बसून अप्पांना त्यांच्या चपला घातल्या. समोर अण्णांचे ते पाय होते. वर बघायची माझी हिंमत होईना. तशीच, मान खाली घालून, मी पत्राचं सगळं सांगून टाकलं. अण्णांनी चपलांत पाय सरकवले. मग म्हणाले, "सरी, ठीक हाय अक्का. उठा, अप्पांना भूक लागली असंल."

ते सात कॉल मला आजही आठवतात. मी देवाला बोल लावत होते, तेव्हा तो माझ्याच पर्समध्ये, त्या पत्राला खेटून, मला हाका मारत होता. अप्पा पुन्हा कधी निसटतील, ते माझ्या हाती नाही. ते मी प्रभूवर सोडलंय. हॉलमध्ये शिरताना मात्र अण्णांच्या चपला दाराशी दिसल्या की माझी पहिली प्रार्थना तिथेच होते.