लाईट आल्याचं कळेना

नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीवर घराला आणि विहिरीवरच्या मोटरला एकाच लाइनीवरून वीज येते. त्यामुळे घरातला बल्ब लागला की जो पाहील तो ओरडायचा, "लाईट आली!" आणि मी मोटर चालू करायला विहिरीकडे पळायचो.

यंदा मी स्वतःच छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडला. येईल ते काम कुणाला सांगायचं नाही, ही माझी जुनी खोड. पंखे, दिवे अखंड चालले आणि मी दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडलो. तिसऱ्या दिवशी बांधापलीकडचा शेजारी आला.

"कांदा वाळवायचा हाय व्हय? काल दिसभर लाईट हुती, तुमची मोटर बंदच!"

बायको तोंडाला पदर लावून हसली. दिवे विझलेच नव्हते, मग लाईट आल्याचं कळणार कसं?

चरफडत शिडी लावली आणि पडवीतला एक बल्ब सोलरवरून काढून पुन्हा जुन्या लाइनीला जोडला. आता घरभर उजेड असतो, डोक्यावर पंखा गरगरतो, आणि आम्ही निवांत चहा पीत त्या एका विझलेल्या बल्बाकडे बघत बसतो.