खिडकीतला तांब्या

सकाळी सहाच्या सुमारास शेणव्याहून वसंताचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला. "ताई, आय गेली गो..." एवढंच तो बोलला. फोन बंद करायचं त्याला सुचलं नाही आणि मलाही नाही. पलीकडून बराच वेळ पावलांचे आवाज येत राहिले. ओसरीवरची, स्वयंपाकघरातली, अंगणातली पावलं. सगळं घर चालत होतं. जिने आयुष्यभर माणसांना चालवलं, तीच तेवढी आडवी होती.

लक्ष्मीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शहापूरच्या एका रुग्णालयात तिने तीसेक वर्षं वॉर्डात मदतनीस म्हणून काम केलं. कॉलेजात असताना मी दुपारी तिचा डबा घेऊन जात असे. फिनेलच्या उग्र वासात तिच्या डोक्यातल्या अबोलीचा नसलेला गंध मी उगाचच शोधायची. तिथे तिची एक रीत होती. म्हातारं माणूस चालायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, की ती त्याच्या उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलायची. पहिल्या दिवशी तो पायथ्याच्या स्टुलावर, दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेपाशी, मग खिडकीत. त्या खिडकीतून माहुलीचे सुळके दिसत. तहान लागली की उठायचं, तिथवर जायचं. ती मागोमाग चालायची. तिचा तळहात त्या वाकलेल्या पाठीपासून चार बोटांवर असायचा. टेकलेला नाही आणि दूरही नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याचे एक आजोबा मला अजून आठवतात. तांब्या खिडकीत गेलेला पाहून ते कडाडले, "तू बाई हायेस का पोलीस? आख्खा जनम डोंगर चढलू, आता तरी निजू दे!"

"निजायला घरी गोधडी नव्हती, बाबा? हितं कशाला आलाव?"

"पानी दे म्हनतो ना!"

"माझे पाय दुखतान. तुमीच आना, मलाबी घोटभर द्या."

सारा वॉर्ड हसला. आजोबा शिव्या पुटपुटत उठले, भिंत धरून खिडकीशी पोचले, आणि आधी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं... तिथल्या नातेवाइकांना मात्र ती कठोर वाटे. परतताना मीही तिला विचारलं होतं, दया येत नाही का तुला? ती म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला हातरून गोड लागतं गो. आठ दिस पडला, का पाय परके व्हतान. मग ते बोलावून येत नाय."

यंदा हिवाळ्यात तिलाच न्यूमोनिया झाला. ताप उतरला, घरी सोडलं. रोज थोडं चालवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी उंबऱ्यापाशी तिचा तोल गेला. वसंताने तिला वरच्यावर झेललं, आणि त्या क्षणापासून आम्ही सगळेच भ्यालो. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला आलेल्या बायका आधी उशाकडे पाहतात. पाणी हाताशी आहे ना, सून उठबस करते ना, त्यावरून घराची माया जोखतात. वसंताच्या बायकोने, वहिनीने, मायेत तसूभरही कमी पडू दिलं नाही. पाणी ओठांशी, पेज चमच्याने, पायांना कोमट तेल. येणारी प्रत्येक जण म्हणे, "नशीबवान गो लक्ष्मी! जल्मभर राबलीस, आता पड."

मी मुरबाडहून दर रविवारी जात असे. शेवटच्या आधीच्या रविवारी तिने माझं मनगट धरलं. हात शेवरीच्या कापसासारखा हलका झाला होता. "बाय, तो तांब्या खिडकीत ठेव."

"पुढच्या रविवारी ठेवते. जरा ताकद येऊ दे."

"पडून ताकद येत नाय..." ती म्हणाली. मला ते ठाऊक होतं. त्या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी मी तांब्या तिच्या उशाशी आणखी वीतभर जवळ सरकवला. तांब्या दगडी फरशीवर घासल्याचा आवाज झाला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी तिला बसवायला गेलो, तर पाय गादीवर कुणी ठेवून दिल्यासारखे पडून होते. त्यानंतर छाती पुन्हा भरली, आणि मग तो फोन.

तेराव्यानंतर वहिनीने तो तांब्या माझ्या हाती दिला. 

माझे वडील माझ्याकडेच असतात. बहिणीचा दिवस करून आले आणि त्यांनी अंथरूण धरलं. दुखणं काही नव्हतं, नुसतं उठावंसं वाटत नव्हतं. चौथ्या दिवशी मी तो तांब्या भरून खिडकीत ठेवला. दुपारी हाक आली, "पाणी दे गो." मी दारातच उभी राहिले. दुसरी हाक आली. तिसरी आली नाही. खाट करकरली. ते उठले, भिंतीला हात लावत निघाले, आणि मी त्यांच्या पाठीमागे चालत राहिले, तळहात चार बोटांवर धरून. इतकं सोपं होतं ते, आत्या... इतकंच तर करायचं होतं.

पाणी पिऊन ते तांब्याकडे बघत राहिले. त्यांनी तो ओळखला होता.

"तिला का नाय उठवली गो तुमी?"

मी तांब्या पुन्हा भरला आणि खिडकीत ठेवला.