मागचं गेट

मंडळी, आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: "पुढच्या गेटवर मुलं टवाळकी करतात, तरी मुलींनी मागच्या गेटाने यावे."

मला हसूच आलं. एकाहत्तर साली कोपरगावजवळच्या आमच्या गावातही हेच ठरलं होतं. शाळेच्या वाटेवर कॅनॉलचा पूल होता. शाळा सुटायच्या वेळी पोरं तिथं बसून शिट्ट्या मारायची. एकदा एकानं माझ्या मैत्रिणीचा, शकूचा, हात धरला. गावानं ठरवलं, पोरींनी लांबच्या वाटेनं जावं. वडीलधारे म्हणाले, "पोरंच ती, चालायचंच."

माझी आत्या भडकली. "आज हात धरला तरी चालायचंच. उद्या काही इपरीत झालं, तर पोरीलाच इचाराल, त्या वाटेनं गेलीच कशाला? पोरी न्हाई, पोरं घरात ठिवा."

पुलावर तिचाही मुलगा असायचा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तिनं त्याला चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसवलं. त्याची पहिली भाकरी कुत्र्यानं नुसती हुंगली आणि निघून गेलं. बाकीच्या आयांनीही तेच सुरू केलं. आम्ही पुलावरून गाणी म्हणत जायला लागलो.

म्हणून मीही ग्रुपवर लिहिलं, "यापुढे मुलांनी मागच्या गेटाने यावे."

लगेच एका मुलाच्या बाबांचा मेसेज आला: "मुलांनी का म्हणून?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. सकाळी मुलींसाठी तो कुणालाच का पडला नाही?