आईची घटलेली उंची

वडील गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून मी आईला बंगळुरूला आणलं, जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा ती बाहत्तर वर्षांची होती. माझी नोकरी बेळ्ळंदूरला, त्यामुळे दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावरच जायचे. ती घरात एकटी असायची.

अंग दुखतं म्हणाली, तेव्हा मी मोबाइलवरून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांचा मोठा डबा मागवला. डॉक्टरांना विचारलं नाही. डबा संपत आला की दुसरा मागवायचा, एवढंच मी करत होते आणि त्यातच समाधानी होते. आई मात्र एकही गोळी चुकवायची नाही.

पुढच्या वर्षी चिकपेटहून आणलेले तिचे गाऊन पायात यायला लागले.

"धुऊन धुऊन लांब झालेत गं," ती म्हणाली, आणि खिडकीशी बसून तिने चारही गाऊन खालून दुमडून शिवले. सुती कापड धुतल्यावर आटतं, लांब होत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

शेजारच्या अक्कांच्या मात्र लक्षात आलं होतं. त्यांचं मराठी घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या आई स्वल्प वाकल्यात बघा. डॉक्टरला दाखवून घ्या की."

"वय झालं ना आता," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच आला होता.

त्यानंतर महिन्याभराने आई म्हणाली, "पाठीत सारखी कळ येते. जाऊन येऊ या का एकदा डॉक्टरांकडे?"

मी लॅपटॉपवरून मान वर न करताच विचारलं, "गोळ्या घेतेयस ना? मग होईल कमी."

तिने पुन्हा विषय काढला नाही.

एका रविवारी सकाळी ती चादर खोचायला वाकली आणि "आई गं!" म्हणून तिथेच खाली बसली. तिला उठता येईना. अक्का धावत आल्या, दोघींनी मिळून तिला गाडीत घातलं.

डॉक्टरांनी एक्स-रे लावला. "हा मणका आज दबलाय. हे दोन आधीच दबलेत."

"पण ती कधी पडलीच नाही," मी म्हटलं.

"हाडं इतकी ठिसूळ झाली की पडावं लागत नाही. पाठ दुखायची का? उंची कमी झाल्यासारखी वाटली?"

मला ते दुमडून शिवलेले चार गाऊन आठवले.

"कॅल्शियम देत होते मी रोज," मी म्हटलं.

"ते लागतंच. पण या अवस्थेत नुसत्या त्याच्यावर भागत नाही. हाडांसाठी वेगळं औषध असतं. आधी तपासणी झाली असती, तर ते वेळेवर सुरू करता आलं असतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता इंजेक्शनं सुरू आहेत. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्यानंतर आणखी कुठला मणका दबलेला नाही, पण दबलेले पुन्हा उभे राहत नाहीत. साताऱ्याला एकदा जाऊन यायचं तिच्या मनात होतं. तेवढा प्रवास आता तिला झेपत नाही.

एकदा मी म्हटलं, "आई, माझं चुकलं. तू सांगत होतीस."

"अगं, तू आणत होतीस की गोळ्या," ती म्हणाली.

मान वर करून बघायला तिला त्रास होतो. म्हणून हल्ली ऑफिसातून आले की मी तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसते आणि मग बोलते.